सातवा रकाना

सैनिक कार्यालयाचा फॉर्म घेऊन उरकुडाजी आले
तेव्हा नाल्याचं पाणी बांधीत शिरत होतं.
धोतराचा सोगा पिळून ओट्यावर टेकले.
नाव, बापाचं नाव, मौजा सावरटोला, तालुका आरमोरी.
सातव्या रकान्यात विचारलं होतं :
युद्धात केलेल्या कामाचं स्वरूप.

म्हणाले, "लिव. तोंड धरत होतो."

कोणाचं?

"खेचराचा. आनखी कोनाचा."

मग बराच वेळ पाऊसच बोलला.

ब्रह्मदेशातला रान आपलाच होता बापा, म्हणाले,
तोच सागवान, तोच बांबू,
तसाच पाय न सोडणारा चिखल,
फक्त एकाही नाल्याचं नाव ठाऊक नव्हतं.
कोवळं सागपान चोळलं की तळवा लाल होतो,
आपण सगळेच पोरपणी खेळलेलो.
तिथं तळवा लाल दिसला की हुंगून बघावं लागे,
पान आहे की कुणी माणूस.

हिवतापाच्या गोळ्या खाऊन
सारी पलटण पिवळी,
हळद लागलेले शंभर नवरदेव
जळवा उपटत चाललेले.

त्यांच्या खेचरीच्या खुरावर नंबर डागला होता.
ते तिला मैना म्हणत, ओरडायची म्हणून.
पण नदीपलीकडे जपानी,
आणि खेचराचं ओरडणं कोसभर जातं.
एका सकाळी जनावरांचा डॉक्टर आला,
बारीक सुरी, औषधाचा बोळा, गरम पाण्याचं घमेलं.
कंठात दोन पट्ट्या असतात म्हणे.
चोवीस खेचरं आडवी पाडली दुपारपर्यंत.
उरकुडाजींनी चोवीस तोंडं धरली,
मैनेचं शेवटी.

उठली. मान ताणली. बरगड्या हलल्या.
लोहाराच्या फाटक्या भात्यातून येतो
तेवढाच वारा बाहेर आला.
तिनं वळून यांच्याकडे बघितलं
की तसं यांनाच वाटलं,
ते काही नक्की सांगत नाहीत.

चढावर, रात्री, अकराव्या दिवसाच्या पावसात
तोफेच्या चाकासकट ती घसरली.
खाली दरीत वीज झाली की दिसायची.
तोंड उघडं.
पुन्हा वीज. तोंड उघडं.
तिसऱ्यांदाही.
चौथी वीज झाली तेव्हा रांग पुढे गेली होती
आणि मागचा हवालदार पाठीत कोपर मारत होता.

शेहेचाळीस साली परत आले.
एक मेडल, एक रबरी चादर
जी पुढे वीस वर्षं धानाच्या पुंजण्यावर पडायची.
पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतात,
जो तो गळा फाडून झडत्या म्हणतो,
हे मागे, बोरीच्या झाडापाशी.
कुणी म्हणे गर्व, कुणी म्हणे
परदेशात कायतरी खाल्लं यानं.

एक गोष्ट मात्र गावाला कधी कळली नाही.
तुकडू वरठ्याचं गाढव मध्यरात्री ओरडायचं,
लोक झोपेतून उठून दगड मारायचे,
आणि उरकुडाजी दर मळणीला
पायलीभर कोंडा त्याच्यापुढे ओतून यायचे.
मजुरी म्हणून.

मी लिहिलं : वाहतूक विभाग.
"लिवलास?"
लिहिलं, म्हटलं.
"तोंड धरत होतो, असाच?"
हो, म्हटलं.
त्यांनी सही केली, पलटणीत शिकलेल्या
इंग्रजी अक्षरांत, एकेक अक्षर
खुंटी ठोकल्यासारखं.

तेवढ्यात वरठ्याच्या आवारातून सुरू झालं ते,
आधी चिरकं, मग पोटातून,
पावसाच्या वर.
उरकुडाजींनी बोट उचललं.
मी पेन खाली ठेवलं.
माझा बाप आतून शिव्या देत काठी शोधायला लागला,
त्यालाही त्यांनी तेच बोट दाखवलं.

बोट खाली आलं तोवर
वळचणीचं पाणी फॉर्मवर येऊन
सातवा रकाना निळा झाला होता, नुसता निळा.
दुसरा आणायला आरमोरीला जायचं
तर नाल्यावर कंबरभर पाणी.